नाकमावशीची सुनावणी

नाकमावशी एका कॅन्टीनची मुख्य आचारीण. पातेलं करपायच्या दोन मिनिटं आधीच ती बाहेरून ओरडायची, "अगं बायांनो, गॅस बारीक करा!" म्हणून तर हे नाव पडलं.

मग एक दिवस बसवाल्याने असा करकचून ब्रेक मारला, की मावशीचं डोकं दांड्यावर आपटलं. टेंगूळ आठवड्यात उतरलं, पण नाकाला वास येईना तो येईनाच. लागोपाठ तीन पातेली करपली आणि मावशीला भांडी घासायला बसवलं. मेलं नशीब, दुसरं काय!

आता या शहरात भरपाईचा दावा कसा चालतो म्हणाल, तर हाड मोडलं असेल तर झक्कास चालतो. एक्स-रे लावा, कुबडी दाखवा, झालं. पण गेलेला वास दाखवायचा कसा? डॉक्टरांनी दाखला दिला, तर बसच्या विमा कंपनीचे वकील म्हणतात, "बाई सांगतात तेच डॉक्टरांनी लिहिलंय. नाक तर चांगलं धडधाकट आहे!" कॅन्टीनमध्येही कुजबुज सुरू झाली, नाटकं करते म्हणे. हे मावशीला फार झोंबलं. भरपाई मिळो न मिळो, पण खोटारडी म्हणवून घ्यायचं नव्हतं तिला.

शेवटची तारीख आली. मावशीची वकील म्हणजे तिची सख्खी भाची. अपघातात फुटलेला मावशीचा चष्मा पुरावा म्हणून सीलबंद डब्यात कोर्टाच्या कपाटात होता, तो मावशीने ओळखायचा होता. कारकुनाने सील तोडून डबा तिच्यापुढे सरकवला. पण धांदरट कुठला! त्याने शेजारच्या दाव्यातला डबा उचलला होता. त्या दाव्यात एका गिऱ्हाइकाला हॉटेलची उकडलेली अंडी बाधली होती, आणि उरलेली अंडी आठ महिने त्या कपाटात निकालाची वाट बघत होती.

मावशीने झाकण काढलं मात्र, टायपिस्टबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. कारकून सगळ्यांच्या आधी पळाला. विमावाले वकील "आलोच साहेब" म्हणत दाराकडे धावले, तर साहेब त्यांच्याही पुढे! भाचीसुद्धा कोटात तोंड खुपसून बाहेर.

मावशी एकटीच डब्यात डोकं घालून बसली होती. "अगं, यात चष्मा कुठाय? हे काहीतरी भलतंच आहे!"

"बाई, झाकण लावा हो!" न्यायाधीश दारातून ओरडले.

"लावते की साहेब, पण एवढी घाई कसली?"

त्याबरोबर दारात जो हशा पिकला, की विचारू नका. विमावाले वकील रुमालाआडून म्हणाले, "आमची हरकत मागे घेतो साहेब! आधी ते बंद करायला सांगा!"

बाहेर आल्यावर भाचीने मावशीला मिठीच मारली. दोघी पोट धरधरून हसल्या. मग मावशीने तिला बाकावर बसवलं.

"खरंच इतका घाण वास होता?"

"मावशी, नावच काढू नकोस!"

"काढणार. नीट सांग, कुजका होता की आंबट? घशात उतरला का?" मावशीने तिचा हात घट्ट धरला. "सांग ना गं."

भाचीचं हसू थांबलं. ती एकेक करून सांगायला लागली, आणि मावशी डोळे मिटून ऐकत राहिली.