दाबून भिजवलेला फोम

ओल्या फोमचा औषधी वास आला की मला धारूरचं ते लग्न आठवतं. स्टेज सजवणाऱ्या डेकोरेटरनं माझ्या अब्बांनी ओवलेला हार पाहुण्यांदेखत भिरकावला. “असलं जुनाट काम चालत न्हाई बे!” अब्बांनी हार उचलून पिशवीत ठेवला. फुलं खोचायचा फोम भिजवायचं काम माझ्याकडं होतं. पाण्यावर सोडला की तो आपसूक पाणी पिऊन बुडतो. दाबला तर आतून कोरडाच राहतो. मी प्रत्येक तुकडा दोन्ही हातांनी दाबून बुडवला. ऐन अक्षतांच्या वेळी स्टेजवरच्या गुलाबांनी माना टाकल्या आणि नवरीच्या बापानं सगळ्यांसमोर डेकोरेटरची इज्जत काढली. आता तो डेकोरेटर माझ्याच दुकानातून फुलं नेतो. अजून विचारतो, “त्या दिवशी गुलाब कावून सुकले असतील?” “ऊन लई होतं, चाचा,” मी गोड हसून सांगते.