मीटरकाकांनी लावलेला पॉवर सप्लाय

मीटरकाका माणसांशी मराठीत बोलत आणि यंत्रांशी हिंदीत. आमच्या हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनीत मराठी वाक्य हिंदीत जाऊन संपणं काही नवं नाही, पण काकांची वाटणी पक्की होती. मला "बस जरा, घाई करू नकोस" म्हणायचे आणि त्याच दमात माझ्या कंप्युटरकडे वळून विचारायचे, "क्यों भाई, क्या तकलीफ है?" रागावले की मात्र माणसांनाही हिंदी मिळे. मी एकदा ओल्या हातानं प्लग ओढला, तेव्हा मला ती मिळाली होती.

शेजारचे हे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी छोटा मल्टिमीटर, म्हणून मीटरकाका. निवृत्तीच्या वेळी साहेब मुदतवाढ द्यायला तयार होते, काकांनी घेतली नाही. तेव्हापासून ज्या वस्तूला त्यांचा हात लागे, तिच्यावर ते मार्करनं दोन तारखा लिहीत: एक ती वस्तू नोकरीला लागल्याची, दुसरी तिच्या निवृत्तीची. आमच्या मिक्सरवर होत्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीवरही होत्या. काकू म्हणायच्या, "माझ्या पाठीवर तेवढ्या लिहायच्या राहिल्यात."

माझं पोट त्या डेस्कटॉपवर. लग्नामुंजीच्या पत्रिका आणि इथल्या मराठी घरांचे कुलवृत्तांत मी त्यावर जुळवते. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत तो काम करता करता बंद पडू लागला. पडाव बाजारातल्या दुकानदारानं न उघडताच निकाल दिला, पॉवर सप्लाय बदला. काकांनी आधी भिंतीतला प्लग काढून तो तापलाय का ते बघितलं, मग मीटर लावलं, मग पॉवर सप्लाय सोडवून त्याच्या दोन तारांमध्ये कागदांना लावायची लोखंडी क्लिप अडकवली. आतला पंखा फिरला. मी खूश झाले.

"पंखा फिरला म्हणजे सप्लाय फक्त जागा झालाय," काका म्हणाले. "काम करेल का, ते लोड टाकल्यावर कळेल. लोड टाकू, मग फैसला."

फैसल्याची त्यांची रीत एकच. ज्याच्यावर संशय, त्याच्या जागी खात्रीचा बसवून बघायचा. संध्याकाळी ते स्वतःच्या कंप्युटरचा पॉवर सप्लाय काढून, पंच्यात गुंडाळून, काखेत धरून आले. आठवडाभर माझं यंत्र एकदाही बंद पडलं नाही. त्या आठवड्यात काकांचं यंत्र मात्र उघडं पडलं होतं, आणि पुण्याच्या नातीशी दर रविवारी पडद्यावर होणारं बोलणं हुकलं होतं. हे मला काकूंकडून कळलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मी नवा आणते, तुमचा घेऊन जा. काका मार्करला टोपण लावत होते.

"राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात आम्ही पुण्याला चाललो. कायमचे. मुलाकडे लॅपटॉप आहे."

प्लगचा स्क्रू घट्ट केलाय, असं सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. गेल्या वर्षी ते तिकडेच वारले.

यंदा यंत्र पुन्हा बंद पडू लागलं. आता फैसला माझ्यावर होता आणि मी तो टाळत होते. कधी उन्हाला दोष दिला, कधी व्होल्टेजला. काकांचं म्हणणं पाठ होतं: मरायला टेकलेला पॉवर सप्लाय एकटा जात नाही, बोर्ड आणि डिस्क बरोबर घेऊन जातो. डिस्कवर माझी इतक्या वर्षांची कामं होती, एका घराण्याचा अर्धा झालेला कुलवृत्तांत होता. त्यांची कॉपी काढायला बसावं, तर तेवढ्यात यंत्र मान टाकी. तरी डबा उघडायला हात होईना. मिक्सर आणि बॅटरी केव्हाच मोडीत गेल्या होत्या. काकांचं म्हणावं असं घरात एवढंच उरलं होतं. शिवाय उघडलं की तारीख दिसणार, हे मला ठाऊक होतं.

मग एका दुपारी जळका वास आला. मी वायर काढली आणि डबा उघडला. पॉवर सप्लायच्या अंगावर काकांच्या ठसठशीत अक्षरात दोन्ही तारखा होत्या. निवृत्तीची उलटून सात महिने झाले होते. तिच्याखाली एक ओळ होती, अशी त्यांनी दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर लिहिलेली मी पाहिली नव्हती: "मुदतवाढ मागू नये."

मला ओळखूनच लिहिली होती. मी फरशीवर बसून रडले, मग तोंड धुतलं आणि पडावला जाऊन नवा पॉवर सप्लाय आणला.

बसवल्यावर मार्करनं त्याच्यावर दोन तारखा लिहिल्या. दुसरी लिहिताना हात जरा पुढचं साल लिहू बघत होता, पण काका धरत तेवढीच वर्षं मी धरली. बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "चल भाई, उठ. ड्यूटी पे लग."

पडदा उजळला. कुलवृत्तांत मी सोडला होता त्याच पानावर होता.