चकचकीत पडद्यातलं दार

लातूरच्या त्या दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. आतून दोन्ही सारखेच, असं दुकानदार सांगत होता. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, हार्ड डिस्कही तेवढीच. फरक फक्त पडद्याचा. एकाचा पडदा चकचकीत, विहिरीतल्या संथ पाण्यासारखा. दुसऱ्याचा मॅट, कोरड्या पाटीसारखा. दुपारी कोचिंगच्या बॅचेस सुटल्या होत्या आणि पाठीवर सॅक घेतलेल्या मुली घोळक्याने रस्त्यावरून जात होत्या. चकचकीत पडद्यावर कुठलासा बर्फाचा डोंगर होता. त्या डोंगरावरून मुली सावकाश चालत जायच्या, मागून एखादी रिक्षा तरंगत यायची आणि बर्फात विरघळून जायची. मी बराच वेळ ते बघत उभी राहिले.

खरं तर मी सगळं ठरवून आले होते. तेव्हा मी नांदेडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. पेशींची मोठी चित्रं उघडली की कॉलेजचा संगणक दम टाकायचा, म्हणून रॅम भरपूर हवी होती. हार्ड डिस्क लहान असती तरी चाललं असतं. पडदा चौदा इंची, कारण दर शनिवारी नांदेडहून लातूरला एसटीने यायचं तर ओझं खांद्यावर पेलायला हवं. बॅटरी चांगली टिकणारी, कारण लाईटचा भरवसा नव्हता. आणि पडदा मॅट. हे शेवटचं मला कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांनी बजावून सांगितलं होतं. "तुमच्या खोलीत खिडकी पाठीशी आहे ना मॅडम? मग चकचकीत घेऊ नका. काम सोडून बाकी सगळं दिसेल त्यात."

सोबत आई होती. तिला लॅपटॉपचं काही पडलं नव्हतं, पण मी एवढी मोठी वस्तू पहिल्यांदाच घेत होते, म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. दुकान चिंचोळं आणि खोल होतं. काउंटर अगदी आत, त्यापुढे खुर्च्या. बसलं की तोंड आतल्या भिंतीकडे आणि दार पाठीशी.

आई बसली खरी, पण तिचं लक्ष लागेना. सारखी मान वळवून मागे बघायची. दुकानदाराने विचारलं, "मावशी, कुणी यायचंय का?"

"न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा वळून बघितलं.

मला कारण माहीत होतं. भूकंप झाला तेव्हा आम्ही औशाच्या पलीकडे एका खेड्यात राहत होतो. मी लहान होते आणि मला ताप होता. घरात कोंडल्यासारखं होतंय म्हणून मी रडत होते, तेव्हा आई मला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली. जमीन हलली आणि आम्ही दोघी अंगणात फेकलो गेलो. बाबा आत झोपले होते. दगडामातीचं माळवद त्यांच्यावर आलं.

त्यानंतर आई कधी दाराकडे पाठ करून बसली नाही. भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्येही नाही, आणि मला शिकवायला म्हणून तिने लातुरात भाड्याने घेतलेल्या खोलीतही नाही. त्या खोलीत ती शिवणकाम करायची. खोलीला एकच खिडकी होती, दाराच्या बरोबर समोर. उजेडाकडे तोंड करायचं तर दार पाठीशी यायचं. आईने मशीन दाराकडे तोंड करून लावलं. सगळा उजेड तिच्या पाठीवर पडायचा आणि कापडावर तिची स्वतःचीच सावली. त्या सावलीत तिला पांढरं तेवढं नीट दिसायचं. म्हणून ती एप्रनच शिवायची, आधी बारावीच्या प्रॅक्टिकलचे, मग मेडिकलला लागलेल्या मुलामुलींचे. निकालानंतर पोरं पेढे घेऊन यायची आणि माप देऊन जायची. आमच्या खोलीत दोरीवर पांढरे एप्रन वाळत असायचे, आणि अभ्यास करता करता डोळा लागला की मला वाटायचं, आपण ढगांच्या खाली झोपलो आहोत.

दुकानदार मॅट पडद्याचा लॅपटॉप खोक्यात ठेवू लागला. दुसरा त्याने बंद केला, पण मिटला नाही. डोंगर गेला आणि नुसता काळा पडदा उरला. आई त्याच्याकडे बघत होती. बघता बघता तिचे खांदे सैल झाले. मग बराच वेळ तिने मागे वळून पाहिलंच नाही.

"हे घे," ती म्हणाली.

"आई, त्याच्यात उजेड चमकतो. डोळे दुखतील माझे."

"याच्यात दार दिसायलंय."

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन वाकले. काळ्या काचेत दुकानाचं दार दिसत होतं, त्यातून येणारं ऊन, पायरीवर चपला काढणारं कुणीतरी. सगळं लहान, लांबचं, पाण्याखालचं असावं तसं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, शिकवायच्या कामाला मॅटच बरा."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण हाच द्या."

नांदेडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की सहकाऱ्यांचं बरोबर होतं. माझ्या खोलीची ठेवणही लातूरसारखीच होती, दारासमोर खिडकी. आणि नकळत मीही टेबल दाराकडे तोंड करून लावलं होतं. खिडकीतलं लिंबाचं झाड सगळंच्या सगळं पडद्यात उतरायचं. मी पेशीचं केंद्रक काढायला घ्यायचे आणि त्याच्यावर पानं हलायची. एकदा एक खारूताई माझ्या स्लाइडवरून तिरकी चढत गेली. चिडचिड व्हायची, पण दुपारी उशिरा, ऊन पिवळं झालं की मी हात थांबवून त्या झाडाकडेच बघत राहायचे. समोर असतं तर इतकं बघितलं नसतं. पडद्यावर लावायची मॅट फिल्म बाजारात मिळते असं सहकाऱ्यांनी सांगितलं. मी ती आणलीही, पण लावायचं आज-उद्या करत राहिले.

त्याच सुमारास लातूरच्या घरमालकांनी आमच्या खोल्या पाडून मुलांचं हॉस्टेल बांधायला घेतलं. त्या भागात तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं. आई मशीन टेम्पोत घालून नांदेडला माझ्याकडे राहायला आली.

तिने खोली पाहिली, दार पाहिलं, आणि आता मशीन कुठे लावणार याचा मी अंदाज करत असताना म्हणाली, "तुझा तो कंपूटर त्या कोनाड्यात ठेव बरं."

कोनाडा खिडकीच्या बाजूला होता. मी लॅपटॉप उघडून तिथे ठेवला. तिने मशीन ओढत ओढत खिडकीपाशी नेलं, उजेडाकडे तोंड करून लावलं आणि बसली. दार तिच्या पाठीशी होतं. तिने कोनाड्यात नजर टाकली, पडदा जरासा तिरका करून घेतला आणि पायडल मारायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "आई, त्यापेक्षा तिथे आरसा लावते की."

"नगं. आरशात मी दिसते." एक टीप मारून ती पुढे म्हणाली, "याच्यात कोण हाय ते कळत न्हाई. नुसतं आलं-गेलं कळतं. तेवढं बास हाय."

त्यानंतर आमची वाटणी ठरली. सकाळी मी कॉलेजला जायचे तेव्हा लॅपटॉप कोनाड्यात, उघडा, पण पडदा काळा. मी घरी आले की टेबलावर. माझं काम चालू असलं की आई मशीन सोडून भाजी निवडायला घ्यायची, मात्र दाराकडे तोंड करून. जितक्या लवकर मी काम संपवीन तितक्या लवकर तिला शिवायला बसता येई. त्यामुळे मी झाडाकडे बघण्यात वेळ घालवायचा नाही असं ठरवायचे, आणि रोज घालवायचे. एकदा आईने विचारलं, "काय दिसायलंय एवढं?" मी सरकले आणि ती माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. आम्ही दोघी पडद्यातलं झाड बघत बसलो. आमचे दोन काळे आकार मध्ये होते आणि त्यांच्याभोवती पानं हलत होती. भाजी तशीच राहिली.

मग उदगीरच्या एका कॉलेजात मला काही दिवसांच्या कार्यशाळेला जावं लागलं. लॅपटॉप न्यावाच लागणार होता. मी आईला म्हटलं, "चार दिवस मशीन फिरवून घे." ती "हाव" म्हणाली.

परत आले तेव्हा दुपार होती. दार उघडं होतं. मशीनचा आवाज पायरीपर्यंत येत होता. मी दारात पोचले आणि तिथेच थांबले. आई खिडकीकडे तोंड करून शिवत होती. पाठ माझ्याकडे. कोनाडा रिकामा. तिच्या हाताखाली गर्द जांभळं कापड होतं आणि उजेड त्याच्यावर सरळ पडत होता. मी आलेलं तिला कळलेलं दिसत नव्हतं. खांद्यावरची बॅग न उतरवता, श्वास सांभाळत मी उभी राहिले. हाक मारली तर ती दचकेल अशी भीती वाटली, आणि नाही मारली तर हे असंच चालू राहील असंही वाटलं.

टीप संपली तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "आलीस का? एसटीला गर्दी होती?"

"होती," मी म्हटलं. "कसं कळलं तुला?"

"उजेड हलला." तिने दोरा दाताने तोडला. "शेजारणीचं झंपर हाय. रंग बघ कसा."

मी आत येऊन तिच्या मागे पलंगावर बसले. ती कापड उजेडात धरून बघत होती.

"तुझ्या बाबांनी असाच रंग आणला होता एकदा," ती म्हणाली. "उदगीरच्या बाजारातून. मला म्हणे, नेस. मी म्हणलं, एवढा गडद रंग, लोक काय म्हणतील. तर स्वतःच डोक्याला गुंडाळला पटका करून, आणि निघाले शेताकडं. सगळा गाव बघून राहिला."

ती हसत होती. बाबांबद्दल ती इतकं सलग कधी बोलली नव्हती. मी जागची हलले नाही. पुढे काय झालं, असं विचारलं, आणि खिडकीकडे तोंड करून, हात चालवत, आई सांगत राहिली.