परातीचा दिवा

आधीच सांगते, असले किस्से मी मानत नाही. माझी बहीण मला या सदरातले अनुभव पाठवत असते आणि मी दर वेळी "कनेक्शन लूज असेल" असं उत्तर टाकते. माझा धंदाच तो. कुवेतमधल्या एका हॉस्पिटलात मी बायोमेडिकल टेक्निशियन आहे. डायलिसिसची मशीन्स, मॉनिटर, सगळं उघडते आणि परत जोडते. वायर नाही तर करंट नाही, एवढाच माझा धर्म. तरीही आज लिहायला बसले आहे... घाबरले म्हणून नाही, चिडले म्हणून. हे लक्षात ठेवून वाचा.

माझे बाबा दिवे डिझाइन करायचे. "म्हणजे इलेक्ट्रिशियन का?" असं लोक विचारतात, म्हणून पुन्हा सांगते — डिझाइन. मुंबईत कला शिकून ते कुवेतला आले, शुवैख या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये लागले आणि इथले कितीतरी व्हिला, हॉटेलांच्या लॉब्या त्यांच्या दिव्यांनी उजळल्या. झुंबर, लोलक, नक्षी यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "दिवा दिसता कामा नये, उजेड दिसला पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिव्यांवर नाव मात्र वर्कशॉपच्या मालकाचं जायचं, तेही कागदी चिकटपट्टीवर. बाबांचं कुठेच नाही. मग नव्वद साली युद्ध आलं. हवल्ली भागातलं घर होतं तसं टाकून आम्ही निघालो, आणि या माणसाने उरलेलं आयुष्य सांगलीत ट्यूबलाइट आणि चोक विकण्यात काढलं. कधी तक्रार केली नाही. मी पुढे नोकरीसाठी परत इथेच आले. आता आईही नाही, बाबाही नाहीत. तक्रार करायला मी आहे.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मुलीला, सईला, घेऊन शुवैखला गेले होते. तिथल्या जुन्या गोडाउनांमध्ये आता कॅफे आणि गॅलऱ्या झाल्यात. सईला कॉफी हवी होती. शेजारीच जुन्या संग्राह्य वस्तूंची गॅलरी होती आणि तिच्या दर्शनी काचेत होता... परातीचा दिवा!

हे नाव आईचं. पितळी दांडा आणि वर ॲल्युमिनियमची उलटी, पसरट शेड, अशी की बल्ब कुठूनही डोळ्यांवर येत नाही. पहिला नमुना बाबांनी आईची कणीक मळायची परात पळवून केला होता. त्यावरून घरात झालेलं भांडण मला अजून आठवतं. काचेतल्या पाटीवर मात्र लिहिलं होतं : "इटालियन, सत्तरचं दशक. वाळवंटातल्या चंद्रावरून स्फुरलेली रचना." वाळवंटातला चंद्र! माझ्या आईची परात हो ती!

मी तरातरा आत गेले. गॅलरीचे मालक मेहरा म्हणून निघाले. म्हणजे आपल्याच देशाचे, म्हटलं यांना पटकन समजेल. सगळं नीट सांगितलं. ते ऐकून घेतल्यासारखं हसले.

"मॅडम, हर इंडियन फॅमिली में एक अंकल होते हैं जिन्होंने कुछ बनाया था। ये फिनिश देखिए। ये अपने लोगों का काम नहीं है।"

अपने लोगों का काम नहीं! परक्याने म्हटलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. माझा आवाज चढला. सई कोटाची बाही ओढत म्हणाली, "आई, प्लीज, डोन्ट मेक अ सीन." मी म्हटलं, "सीन नाही, हे तुझ्या आजोबांचं काम आहे. गप्प उभी राहा."

मेहरांनी मला गप्प करायला दिवा काचेतून काढून टेबलावर ठेवला, म्हणजे मी "क्वालिटी" जवळून बघावी. त्याची वायर गुंडाळून सुतळीने बांधलेली होती. प्लग जुना, गोल पिनांचा, मोकळा लोंबत होता. हे मी माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. बाहेर सूर्य बुडाला होता. मग जवळच्या मशिदीत मगरिबची अजान सुरू झाली...

आणि दिवा लागला.

भपकन नाही. बाबांच्या दिव्यांचा असायचा तसा, मऊ, पिवळा, फक्त टेबलावर पसरणारा उजेड. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडतात, मग ती समई असो की बाथरूमची ट्यूब. माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी बघते तर कायम इंग्लिशमध्ये उत्तरं देणाऱ्या सईचेही हात जोडलेले. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

मेहरांना वाटलं ही माझीच चलाखी. "आपने बॅटरी डाली है क्या इसमें?" माझ्यावर आळ! दिवा काचेतून त्यांनीच काढला होता, मी बोटही लावलं नव्हतं. पण चिडले तरी म्हटलं, उघडाच. मलाही बघायचं होतं. त्यांनी दिवा आडवा केला. तो लागलेलाच होता. बैठकीखाली चिकटवलेलं हिरवं जाड कापड, फेल्ट, ओढून निघेना, डिंक दगडासारखा वाळलेला. शेवटी पेपर कटरने त्यांनी स्वतःच्या हाताने ते कापून काढलं.

बॅटरी नव्हती. पितळेच्या आत दोन बोटं होती. एक हळदीचं, एक कुंकवाचं.

मला तिथेच रडू फुटलं. फेल्ट चिकटवायचं शेवटचं काम बाबा घरी आणायचे. आई म्हणायची, "नवी वस्तू अशी कोरी घराबाहेर जायची नाही." बाबा कपाळाला हात लावायचे, "अगं, मॉडर्न दिवा आहे तो, बैल नाही!" शेवटी तोडगा निघाला : आईने काय ते आतल्या बाजूला लावावं, मग बाबा वरून फेल्ट चिकटवणार. आईच्या अनामिकेचं टोक लहानपणी विळीवर कापलं गेलं होतं. त्यामुळे तिचं कुंकवाचं बोट कधी गोल उमटायचं नाही, एका बाजूने तिरपं उमटायचं. हेही तिरपंच होतं.

मी बोट लावलं... आणि ते ओलं होतं. आई पाण्यात बोट बुडवून लावायची तसं ओलं, गार. माझं बोट लाल झालं. त्याच क्षणी दिवा मालवला. मी टिश्यूला बोट पुसलं. तो टिश्यू आजही माझ्या पर्समध्ये आहे, रंग धरून आहे.

"ये देखिए," मी मेहरांना म्हटलं, "अब बोलिए।" त्यांचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू. पण सावरले लगेच. घसा खाकरून म्हणाले, "ओल्ड प्रायमर होगा, पेंट के नीचे वाला। इटली में लगाते थे।"

प्रायमर! हळदीचं प्रायमर! मी काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. या वेळी सईने बाही ओढली नाही. उलट स्वच्छ मराठीत म्हणाली, "काका, ते माझ्या आजीचं बोट आहे." ती माझ्या आईला कधी भेटलेली नाही.

मी नंतर पुन्हा गेले तेव्हा दिवा विकला गेला होता. कुणाला, ते मेहरा सांगेनात. पण त्यांच्या वेबसाइटवर फोटो अजून आहे आणि खाली नवी ओळ आहे : "आतील मूळ इटालियन प्रायमरच्या खुणा अस्सलपणाची साक्ष देतात." वाचून हसावं की फोन फेकावा कळेना. बाबांच्या नावासाठी मी भांडत होते, आणि दिव्यात सही होती ती आईची. तीसुद्धा यांनी इटलीला देऊन टाकली.

वायर बांधलेला दिवा कसा लागला, मला माहीत नाही. बंद फेल्टखाली इतकी वर्षं कुंकू ओलं कसं राहिलं, तेही माहीत नाही. "कॅपॅसिटर असेल" म्हणून कुणी कळवू नका. मी स्वतः आत पाहिलंय, तिथे होल्डर आणि दोन वायरी सोडून काही नव्हतं. बहिणीला या वेळी माझ्याकडूनच किस्सा गेला. तिने उलट उत्तर पाठवलं नाही, नुसता रडत फोन केला.

एवढंच मागते. तुमच्या माहितीत कुणाकडे असा उलट्या परातीचा दिवा आला असेल, तर तिन्हीसांजेला त्याच्यापाशी थांबा. तळाचं फेल्ट काढून आत बोट लावून बघा. ओलं लागलं, तर ते प्रायमर नाही.