मामांचा घाम

आमच्या मामेसासऱ्यांइतका स्वतःच्या घामाचा अभिमान असलेला माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर मामा त्याला आधी उन्हात उभा करून खात्री करून घेतील. माणसाची पारख त्यांनी कधी शिक्षणावरून केली नाही की कपड्यांवरून. लग्नाआधी मी पारगावला त्यांना भेटायला गेलो, तर चहाआधी त्यांनी मला कांद्याच्या गोण्या ट्रॉलीत चढवायला लावल्या. नवा शर्ट पाठीला चिकटलेला पाहून मगच म्हणाले, "घाम येतोय पावण्याला. भाची द्यायला हरकत न्हाई." पंख्याखाली बसणं त्यांच्या लेखी आजारी माणसाचं काम. खांद्यावर टॉवेल असतो, पण तो बसायची जागा झटकायला. घाम पुसणं त्यांना मंजूर नाही.

अशा माणसाच्या दंडावर त्यांच्या लेकीनं घाम मोजणारी चकती चिकटवली. मागच्या उन्हाळ्यात उसाला पाणी देताना मामा चक्कर येऊन सरीत पडले, तेव्हापासून तिनं धसका घेतला होता. ही चकती घामातून किती पाणी आणि मीठ गेलं ते मोजते आणि मामांच्या खिशातल्या मोबाईलवरून तिला पुण्यात कळवते. लेकीनं अटच घातली, पुन्हा असं काही झालं तर शेत वाट्यानं द्यायचं आणि कायमचं पुण्याच्या फ्लॅटमध्ये यायचं. मामा भडकले. "माझा घाम माझ्या रानात मुरंल. त्याची खबर पुण्याला कशापायी?" पण तिचे डोळे भरलेले बघून त्यांनी मुकाट्यानं दंड पुढे केला.

मग मामा खुरपायला बसले की फोन वाजू लागला. "अण्णा, सावलीला बसा, पाणी प्या." मामा एका हातानं खुरपत सांगायचे, "बसलोय." तिकडे आकडा वाढतच असायचा. एके दिवशी वैतागून ते खरोखरच सदरा काढून विहिरीजवळच्या आंब्याखाली जाऊन बसले. वारं सुटलं होतं, घाम वाळला. पुण्यात मात्र लेक फोनवर फोन लावू लागली, कारण भर उन्हात घाम एकाएकी थांबणं फार वाईट, असं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. मामा फोन उचलेनात. तिनं मला कळवलं आणि मी जुन्नरहून मोटरसायकल हाणत गेलो, तर मामा शेंगा खात बसलेले. "फोन का नाही उचलला?" "सावलीला बस म्हनली व्हती. बोल म्हनली नव्हती."

सगळं ठीक आहे असं मी तिला फोनवर सांगितलं, तरी ती गाडी घेऊन आलीच. मामा तिला म्हणाले, "घाम आला तरी बोंब, न्हाई आला तरी बोंब. आता तूच काय ते ठरीव." ती रडली, मग हसली, आणि संध्याकाळपर्यंत बापाशेजारी बांधावर बसून राहिली. किती महिन्यांनी ती गावी येऊन अशी निवांत बसली होती. फ्लॅटचा विषय त्यानंतर निघाला नाही आणि मामांनी दंडावरची चकतीही काढली नाही.

परवाच्या रविवारी गेलो तर निम्मी खुरपणी तशीच पडलेली आणि मामा उघड्या अंगानं आंब्याखाली, दंड वाऱ्याकडे करून.

"खुरपणी राहिलीय की मामा."

"राहू द्या. आज तिला सुट्टी असती."

जन्मभर घामाचा तोरा मिरवलेला हा माणूस तो वाळायची वाट बघत होता. तेवढ्यात फोन वाजला. मामांनी तो उचलला नाही, नुसते रस्त्याकडे बघत राहिले.