मटणावरचा आळ

दुपारच्या डुलकीत उल्हासराव चौगुल्यांचा एक पाय अजून घरातच आहे. स्वयंपाकघरात शैलाताई भांडी लावतायत. हळूहळू तो खडखडाट स्ट्रेचरच्या चाकांचा होतो, आणि शेजारच्या खाटेवर इंगवले मांडी घालून बसलेले दिसतात.

दोघांचं पित्तनलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन एकाच वॉर्डात झालं. इंगवल्यांचा कॅन्सर वर्षाच्या आत उलटला नि ते गेले. उल्हासरावांचं स्कॅन उद्या आहे.

“काय हो चौगुले, मटण सोडलंत म्हणे?”

“तुम्ही खायचात.”

“डाव्या कुशीवर झोपणं?”

“तुम्ही झोपायचात.”

“आणि पेटी वाजवणं? त्या बिचारीनं काय घोडं मारलं होतं?”

इंगवले जे जे करत, ते ते उल्हासरावांनी कटाक्षानं टाळलंय.

“श्वासही घ्यायचो मी,” इंगवले म्हणतात. “अगदी शेवटपर्यंत.”

खाट आता खानावळीचं बाकडं झालीय. ऑपरेशन करणारे डॉक्टरच खांद्यावर फडकं टाकून मटण वाढतायत.

“माझ्या लसिका गाठींत तो आधीच शिरला होता,” इंगवले भाकरी मोडतात. “कापलेल्या कडेलाही त्याच्या पेशी उरल्या होत्या. लवकर उलटू शकतो, असं डॉक्टर बोलले तेव्हा तुम्ही पडद्यापलीकडं जागेच होतात. पण गाठी सोडता येत नाहीत, मटण सोडता येतं. म्हणून तुम्ही मटणाला धरलंत. तुमचा रिपोर्ट काय म्हणतो?”

“गाठी स्वच्छ. कडाही स्वच्छ.”

“मग माझं मरण तुम्ही का जगताय?”

उल्हासरावांच्या छातीवरचं काहीतरी सरकतं. “म्हणजे... परत येणार नाही?”

“हमी मिक्सरला मिळते, चौगुले. माणसाला तपासणी. उद्या वेळेवर जा. आता जेवा, रस्सा निवतोय.”

उल्हासराव जेवतात. बोटं चाटून जेवतात.

डोळे उघडतात तेव्हा खिडकीत ऊन आहे आणि उजव्या हाताची बोटं पिवळी. दुखणं सुरू झालं तेही असंच पिवळेपणानं. ते डावा हात बघतात. नेहमीसारखा. उजवा नाकाशी नेतात. लसूण. खोबरं. भाजलेला कांदा.

“शैला, आज जेवायला काय होतं गं?”

“दूधभात. तुमचंच पथ्य ना?”

उल्हासराव बोट जिभेला लावून बघतात.

“मीठ जरा कमी पडलंय,” ते म्हणतात.