जोडीचा फोटो

आईबाबांचा जोडीनं काढलेला एकही फोटो नव्हता. बाबा अंजनगावला शाळामास्तर. ते गेले तेव्हा मागे राहिला शाळेतल्या मास्तरांचा एक ग्रुप फोटो, त्यात ते उन्हानं डोळे बारीक करून उभे. अमरावतीचा एक फोटोवाला म्हणाला, त्यातून बाबा कापून घेऊ, आईचा वेगळा फोटो काढून शेजारी चिकटवू, ब्रशानं कडा लपवू आणि सगळ्याचा मिळून नवा फोटो काढू. बाबांच्या खांद्यावर शेजारच्या मास्तरांची बोटं तेवढी राहत होती. तीही घालवतो म्हणाला.

फोटोवाल्याकडे जाताना आईच्या आणि माझ्या सोबत मोठे बाबा असायचे, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. माणूस वाईट नव्हता. आमच्या घरात धान्य त्यांच्याच शेतातून येई, म्हणून त्यांच्यापुढे आमची तोंडं बंद. आई तर भासऱ्यांसमोर, म्हणजे या थोरल्या दिरांसमोर, जन्मात बोलली नव्हती.

चिकटवलेली जोडी पाहायला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा फोटोवाल्यानं ब्रश उचलून सहज विचारलं, "बाईचं कुंकू काढू न?"

त्याला म्हणायचं होतं, रंगवू का. मोठे बाबा फटकन म्हणाले, "थे तं कवाचंच काढलं!"

माझं डोकंच फिरलं. "मोठे बाबा, या फोटोत बाबा जिते हायेत का नाही?"

"हायेत. मंग?"

"मंग त्याईच्या बाजूले बसली थे विधवा कशी?"

"लय तोंड चालते तुयं! लोकं काय म्हनतीन?"

"लोकाईले सांगा, फोटोतल्या बाईचा नवरा मेला नाही."

फोटोवाला कधी त्यांच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. आईनं नेहमीसारखा पदर पुढे ओढला. आता ही मलाच गप्प करणार, असं वाटलं. पदराआडून ती म्हणाली, "काढा. आन मोठं काढा."

मोठे बाबा चपला घालून बाहेर निघून गेले. धान्य पुढेही येत राहिलं, हे सांगायलाच हवं. घरी आले की मात्र ते फोटो लावलेल्या भिंतीकडे पाठ करून बसत.

माझं तेवढ्यानं भागलं नव्हतं. खऱ्या कपाळावरही लाव म्हणून मी आईच्या मागे लागले, भांडले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "या कपायावरचं बायाईनं धरून पुसलं. आता त्या फोटोतलं कोन पुसते, पाहू."